एकही अर्ज नामंजूर नाही

माझ्या काळात आमच्या ऑफिसात रजेचा एकही अर्ज नामंजूर झाला नाही, असं मी वर्षानुवर्षं ताठ मानेने सांगत आले. वरून तपासणीला कोणी आलं की सांगायचे, इतर ऑफिसांतल्या ओळखीच्या बायकांना सांगायचे. माझ्या निवृत्तीच्या समारंभात तर साहेबांनीच ते भाषणात सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मी खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं, मॅडम भावुक झाल्या. भावुक कसली, हार-तुरे तिथेच टाकून उठून जावंसं वाटत होतं.

साहेब खोटं बोलले नव्हते. नोंदवहीत बघितलं तर अक्षर न् अक्षर खरं होतं.

मी आस्थापना शाखेत होते, शेवटची काही वर्षं अधीक्षक. आस्थापना म्हणजे माणसांचं खातं. कोणाची बदली, कोणाची वेतनवाढ, कोणाची रजा, सगळे कागद आमच्या टेबलावरून जायचे. ऑफिस रे रोडला, लाकडाच्या वखारींच्या मागच्या बाजूला. दिवसभर करवतीचा आवाज यायचा आणि खिडकीच्या कठड्यावर भुसा साचायचा. शिपाई पुसायचा, संध्याकाळी पुन्हा तेवढाच.

तिथे आल्यावर मी एक पद्धत पाडली. रजा हवी असेल त्याने अर्ज थेट आवक टेबलावर द्यायचा नाही, आधी कच्चा अर्ज माझ्याकडे आणायचा. मी तो पेन्सिलीने तपासणार, चुकला असेल तिथे दुरुस्त करणार, कोणता दाखला राहिला ते सांगणार, साहेबांचा रागरंग बघून तारखा पुढेमागे करणार. माझी खूण पडली की मग पक्का अर्ज. त्याला आवक नंबर पडायचा आणि तो मंजूर होऊनच खाली यायचा. लोक खूश होते. पूर्वी एकेक अर्ज तीनतीनदा परत यायचा, ते सगळं बंद झालं.

त्यात एक भोक होतं आणि ते मला दिसलं नाही. जो कागद माझ्या टेबलावरून पुढे गेला नाही तो कुठेच नव्हता. रीतसर अर्ज नाकारायचा तर कारण लिहावं लागतं, खाली सही करावी लागते, उद्या कोणी विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. मला यातलं काहीच करावं लागत नव्हतं. कागद नुसता परत सरकवला की काम झालं.

माझं लहानपण नायगावच्या चाळीत गेलं. वडील गिरणीत साच्यावर होते. आमच्या एका खोलीत भिंतीवर जी तसबीर होती, तिच्यातल्या माणसाच्या हातात पुस्तक होतं, आणि ते पुस्तक कायद्याचं आहे हे मला वाचायला यायच्या आधीपासून ठाऊक होतं. वडील म्हणायचे, "तोंडी काही मागू नये आणि तोंडी काही देऊ नये. कागदावर असेल तेच आपलं." त्यांची मुलगी सरकारी नोकरीत लागली आणि नियमांचं पुस्तक टेबलावर ठेवून बसली, याचा त्यांना केवढा अभिमान होता. तीच मुलगी पुढे माणसांचे कागद तोंडी परत करायला लागली, हे बघायला ते राहिले नाहीत, बरं झालं.

बालसंगोपन रजेचा जीआर आला तो दिवस मला लख्ख आठवतो. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत आईला एकूण एकशे ऐंशी दिवस, एका वर्षात जास्तीत जास्त दोन महिने. माझ्या स्वतःच्या मुलीला कावीळ झाली होती तेव्हा असलं काही नव्हतं. तिला आईकडे टाकून मी मार्चअखेरची कामं करत बसले होते आणि दर तासाला चाळीतल्या शेजाऱ्यांच्या फोनवर "डोळे किती पिवळे आहेत" असं विचारत होते. ती आता तिशीला आली. तरी जीआर वाचताना माझे डोळे भरून आले होते. मी स्वतः त्याच्या प्रती काढल्या, नोटीस बोर्डावर लावल्या, बायकांना जेवणाच्या सुट्टीत बसवून समजावून सांगितलं. कोणाची दहावी कधी, कोणाची बारावी कधी, सगळ्यांच्या तारखा माझ्या वहीत. साहेब कुरकुरले की मी जीआरचा परिच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवायचे. "रजा हक्क म्हणून मागता येत नाही मॅडम, ते पण लिहिलंय," ते म्हणायचे. "हो सर, पण नाकारायची तर कारण लिहावं लागेल, ते पण लिहिलंय," मी म्हणायचे. बायका मला मानायच्या आणि मला ते आवडायचं.

त्याच जीआरमध्ये पुरुषांसाठीही एक ओळ होती. ज्याला पत्नी नाही, किंवा ज्याची पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली आहे, अशा पुरुष कर्मचाऱ्यालाही हीच रजा. ती ओळ मी वाचली होती. पण आमच्याकडे त्या रजेला सगळे 'बायकांची रजा' म्हणायचे, आणि तसं म्हणणाऱ्यांत मी पहिली होते.

जावक टेबलावर एक क्लार्क होता. बाहेर जाणाऱ्या पत्रांना नंबर टाकायचा, पाकिटं बंद करायची, टपालात द्यायची, एवढं त्याचं काम. लालबागच्या चाळीत राहायचा, मूळ घर कणकवलीच्या पुढे आत कुठेतरी. तिशीतला माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची बायको दोन वर्षं किडनीच्या आजाराने झिजली आणि गेली. मागे साडेतीन वर्षांची मुलगी. अर्जित रजा होती नव्हती ती सगळी बायकोच्या आजारपणात संपलेली. घरी त्याची आई होती, ती नातीला सांभाळायची. बायको गेल्यावर पाचसहा महिन्यांनी ती आई मोरीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. चाळीतल्या शेजारणींनी चारआठ दिवस पोर बघितली. पण आता चाळीत तरी दुपारचं घरी कोण असतं? ज्या त्या बाया कामावर.

जानेवारीतली दुपार होती. चहा आलेला. माझ्या टेबलाभोवती आम्ही चारपाच बायका, कोणीतरी संक्रांतीचे तिळगूळ आणलेले. हा दाराशी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "या हो, तिळगूळ घ्या." त्याने वडी घेतली, खिशात ठेवली, मुलीसाठी असणार, आणि घडी घातलेला कागद माझ्यापुढे धरला. कच्चा अर्ज. बालसंगोपन रजा, साठ दिवस. अक्षर सुंदर होतं. जीआरचा क्रमांकसुद्धा बरोबर घातलेला, बायकोच्या मृत्यूचा दाखला जोडतो असं खाली लिहिलेलं. कुठेही पेन्सिल लावायची गरज नव्हती.

आता मी जे बोलले ते लिहिते. इतकी वर्षं मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. तिथे होत्या त्या बायकांना तर ते आठवतही नसेल.

मी कागद वाचला, बायकांकडे बघितलं आणि म्हटलं, "अहो, रजा कशाला मागताय? त्यापेक्षा आम्ही तुम्हाला बायको शोधून देतो. रजा दोन महिन्यांची, बायको जन्माची!"

खूप हशा पिकला. एक म्हणाली, माझ्या नणंदेच्या ओळखीत आहे एक. दुसरी म्हणाली, आधी फोटो तरी द्या तुमचा. मला वाटलं, बिचारा सुतकी तोंडाने फिरतो, जरा चेष्टामस्करी झाली तर मोकळा होईल. खरंच वाटलं. माझी जीभ अशीच होती. सगळ्यांना टोमणे, सगळ्यांची फिरकी, आणि माणसं हसायची म्हणून मला वाटायचं की माणसांना आवडतं.

तोही हसला. हसला आणि त्याने तो कागद माझ्या हातून घेतला. "खरं आहे मॅडम," म्हणाला, आणि गेला.

'बायको जन्माची' हे मी कोणाला म्हणाले ते माझ्या डोक्यात संध्याकाळी घरी भाजी चिरताना आलं. हातातली सुरी तशीच राहिली. उद्या सकाळी त्याला बोलावून घेते असं ठरवलं. सकाळी वेतनवाढीच्या फायली आल्या. दुपारी तो जिन्यात दिसला तर माझीच नजर खाली गेली. लाज वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड. मनात म्हटलं, एवढी गरज असेल तर येईल पुन्हा, कागद त्याच्याकडे आहे, मी काही नाही म्हटलेलं नाही.

तो आला, पण चार दिवसांनी आणि दुसरा कागद घेऊन. नैमित्तिक रजा, चार दिवस. कारण : खासगी काम.

"गावाला जाताय?"

"हो मॅडम. मुलीला ताईकडे सोडून येतो. आई उठून चालायला लागेपर्यंत. दोनेक महिने."

मी लगेच खूण केली. वर म्हटलंसुद्धा, "बरं झालं हो. गावची हवा चांगली. पोर सुधारेल." मला अगदी हायसं वाटलं होतं. प्रश्न परस्पर सुटला असं वाटलं.

तो मुलीला सोडून आला आणि दोनेक महिन्यांत सगळं बंद झालं. गाड्या बंद, गावाच्या वेशी बंद. मुंबईहून येणारा माणूस म्हणजे रोग घेऊन येणारा. त्याच्या गावाने तर मुंबईकरांना शाळेत चौदा दिवस ठेवायचा नियम केला होता. हा लालबागला आईजवळ, आणि मुलगी तिकडे. आमची ऑफिसं आलटून पालटून चालू होती, तो बेस्टने यायचा, जावकच्या टेबलावर मास्क लावून बसायचा आणि जेवणाच्या सुट्टीत वखारींकडच्या गच्चीवर उभा राहून व्हिडिओ कॉल करायचा. मी एकदोनदा तिथून गेले. फोनच्या पडद्यावर अंगणच जास्त दिसायचं. मुलगी धावत जवळ यायची, "पपा, कोंबडी बगा," म्हणायची आणि धावत लांब जायची. तो त्या रिकाम्या अंगणाकडे बघत उभा.

सगळं उघडलं तोवर मुलगी अंगणवाडीत रुळलेली. मग शाळेत नाव घातलं. त्याची आई त्या हाडातून पुरती उठलीच नाही, वर्षभराने गेली. आता घरी कोणीच नव्हतं, मुलीला आणून ठेवायची कोणाजवळ? ताईला मूलबाळ नव्हतं. ती आणि तिचा नवरा पोरीला फुलासारखं जपत होते. हा गणपतीला जायचा, शिमग्याला जायचा, मे महिन्यात आठ दिवस जायचा. एका गणपतीनंतर परत आला तेव्हा पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "मॅडम, ती ताईला आई म्हणते आता." मी विचारलं, "आणि तुम्हाला?" तो हसला. "मुंबयचे पपा."

मी पेढा तोंडात टाकला होता. उरलेला पुडा मी तसाच ड्रॉवरमध्ये सरकवला.

तरीही, खोटं कशाला सांगू, तेव्हा मी स्वतःला दोष दिला नाही. लॉकडाऊनला दिला, खुब्याच्या हाडाला दिला. दोष द्यायला एवढी कारणं समोर असताना आपल्या एका वाक्याकडे कोण बघतं?

ते वाक्य समोर आलं ते मागच्या वर्षी. वरच्या कार्यालयाकडून नेहमीसारखं एक विवरणपत्र आलं. जीआर आल्यापासून बालसंगोपन रजा किती महिलांनी घेतली, किती पुरुषांनी घेतली, किती अर्ज आले, किती नामंजूर केले, कारणांसह. असली विवरणपत्रं मी झोपेतही भरली असती. महिलांचे आकडे भरले. पुरुष कर्मचारी, प्राप्त अर्ज : निरंक. म्हणजे एकही नाही. नामंजूर : निरंक.

निरंक लिहिलं आणि पेन थांबलं.

मी उठून जावकला गेले. तो पाकिटांवर पत्ते चिकटवत होता. मी उभ्यानेच विचारलं, आणि माझ्या आवाजात नेहमीचा जोर होता, "काय हो, तेव्हा तुम्ही बालसंगोपनचा अर्ज दिला का नाहीत? पत्नी नसलेल्या पुरुषाला मिळते ती रजा. तुम्हाला माहीत होतं ना?"

त्याने वर बघितलं. त्याला खरंच कळलं नव्हतं मी असं का विचारते.

"दिला होता ना मॅडम. तुमच्याकडे."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. त्याच्या दृष्टीने गोष्ट साधी होती. अर्ज दिला होता, मॅडमनी मिळणार नाही असं सांगितलं, विषय संपला. मी नियमांची बाई. मी हसून कागद परत केला म्हणजे नियमात बसत नसणार, असं तो माणूस पाच वर्षं धरून चालला होता. जीआरची ती ओळ त्याने स्वतः वाचली होती, क्रमांकासकट लिहिली होती, आणि तरी त्या ओळीपेक्षा माझ्या चेष्टेवर जास्त विश्वास ठेवला होता.

विवरणपत्रात मी निरंकच लिहिलं. दुसरं काय लिहिणार? त्या कागदाला नंबर नव्हता.

मग मी त्याच्या मागे लागले. आता वाटतं, तेसुद्धा माझ्यासाठीच होतं. मला ते निरंक पुसायचं होतं. "मुलगी चौथीत जाईल ना आता? एप्रिलअखेर परीक्षा संपली की घेऊन या. दोन महिने रजा घ्या, तिच्याबरोबर राहा, जूनमध्ये परळच्या शाळेत नाव घालू. मी ओळखते मुख्याध्यापिकांना. शाळा सुटल्यावर बसायला पाळणाघर मी बघून देते."

"आता मोठी झाली मॅडम. तिचं सगळं तिकडे आहे."

"बाप इकडे आहे ना?"

तो पाकिटांवर पत्ते चिकटवत राहिला. पण दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज आणला, आणि त्याच्या चेहऱ्यावर मी बायको गेल्यापासून कधी न बघितलेलं काहीतरी होतं. साहेब म्हणाले, "पुरुषाला कशाला हो ही रजा?" मी जीआर त्यांच्यापुढे ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिले. त्याच दिवशी सही झाली. केवढी खूश होते मी! घरी जाताना मुलीला फोन करून सांगितलं की आज एक चांगलं काम झालं.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी लालबागला त्याच्या घरी गेले. मसाल्याच्या दुकानांपुढे नुसती झुंबड, वर्षाचा मसाला कांडायला आलेल्या बायकांची. मिरच्यांच्या खाटाने शिंका देत देत मी चाळीचे तीन जिने चढले. खोलीला त्याने नवा रंग दिला होता. पोटमाळ्याखाली लहानसं टेबल, वर दिवा, कंपासपेटी, कव्हर घातलेल्या वह्या. दोरीवर दोन नवे फ्रॉक, त्यांची लेबलंसुद्धा निघाली नव्हती. मुलगी गॅलरीत कठड्याला धरून उभी होती. आईसारखी दिसते असं तो म्हणायचा, मी आई कधी बघितली नव्हती. सावळी, तरतरीत, दोन वेण्या. वेण्या त्याने घातल्या असणार, भांग वाकडा होता.

तो खाली दूध आणायला गेला. मी तिच्याजवळ गेले, नाव विचारलं, शाळा विचारली. सगळी उत्तरं नीट दिली तिने. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमी पपांच्या मॅडम ना?"

"हो."

"पपा सांगतत, मॅडम सांगतीत तसा होता ऑफिसात."

मी हसले. म्हटलं, "असं काही नाही गं."

ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मग त्यांका सांगा ना. माका घराक जावचा आसा. आई वाट बगता."

हट्ट नव्हता, रडणं नव्हतं. एखाद्या मोठ्या माणसाने टेबलासमोर उभं राहून काम सांगावं तसं तिने मला काम सांगितलं. माझ्या उभ्या नोकरीत माझ्याकडे इतका सरळ अर्ज कोणी केला नव्हता. मी काय म्हणाले? म्हणाले, "अगं, पपांना किती वाईट वाटेल." नऊ वर्षांच्या पोरीला मी हे म्हणाले. ती पुन्हा कठड्याशी जाऊन उभी राहिली. दूध घेऊन तो वर आला तेव्हा त्याला काही कळू नये म्हणून माझ्याकडे बघून हसलीसुद्धा.

त्यानंतर चारपाच दिवसांतच तो ऑफिसात हजर झाला. दोन महिन्यांची रजा, आणि हा अठरा दिवसांत परत. मी त्याला माझ्या टेबलाशी बसवलं, बाकीच्यांना चहाला पाठवलं आणि विचारलं, काय झालं.

त्याने हातातल्या रुमालाची घडी केली.

"त्रास काही दिला नाही मॅडम तिने. मी शिजवलेलं सगळं खायची. शिवाजी पार्कला नेलं, राणीच्या बागेत नेलं, तिथे हसली पण. रात्री फोनवर ताईशी बोलताना सांगायची, पपा चांगले आहेत. फक्त सकाळी उठली की पहिली बॅग भरायची. तिचे सगळे कपडे, गावाहून आणलेलं पुस्तक, सगळं. भरून दाराजवळ ठेवायची आणि मग दात घासायला जायची. मी काय बोललो नाही. संध्याकाळी ती खाली खेळायला गेली की मी बॅग रिकामी करून कपडे पुन्हा कपाटात लावायचो. ती वर आली की बघायची, पण काय बोलायची नाही. सकाळी पुन्हा भरायची."

"मग?"

"चौदाव्या दिवशी मी उठलो आणि बॅग मीच भरली."

बाहेर करवत चालू झाली. मी तिच्या थांबण्याची वाट बघितली, कारण मला जे म्हणायचं होतं ते ओरडून म्हणता आलं नसतं. मग म्हटलं, "माझं चुकलं. तेव्हा तुमचा कागद मी चेष्टेवारी नेला. तुमचा हक्क होता तो. तेव्हा तुम्ही दोन महिने घरी राहिला असतात तर पुढचं—"

"तसं नका म्हणू मॅडम," तो घाईघाईने म्हणाला. माझीच समजूत घालायला लागला, आणि ते मला सर्वांत जास्त लागलं. "तिला तिकडे बरं आहे. खरंच बरं आहे. ताई जीव टाकते. बापाला आणखी काय पाहिजे?"

तिला तिथे बरं आहे यात काही शंका नव्हती. ते मला तिनेच सांगितलं होतं. तिचं काहीच नुकसान झालं नाही, तिला आई मिळाली, घर मिळालं. गेलं ते याचं गेलं. बायको जाणं कोणाच्या हातात नव्हतं. मुलगी मात्र एका दुपारी माझ्या टेबलावरून गेली, आणि तेव्हा मी तिळगूळ खात होते.

उरलेली रजा रद्द करण्याचा आदेश मी स्वतः टाइप केला. बेचाळीस दिवस त्याच्या सेवापुस्तकात शिल्लक म्हणून परत आले. ते वाया जात नाहीत, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत केव्हाही घेता येतात, असं मी त्याला समजावून सांगितलं. सवयच तशी. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग नियमाबद्दलची शंका विचारावी तसं विचारलं, "पण मॅडम, ती आली नाही, तरी चालेल का? मी एकटाच घेतली तर?"

मी म्हटलं, नाही चालणार. मूल जवळ असावं लागतं.